बाळासाहेब खेर आणि खेड्यांतील शाळा

मीरा-भाईंदर हे आज महानगरपालिकेचे शहर आहे. १९३७ साली मात्र तेथे मिठागरे, भातखाचरे आणि कोळीवाडे होते. ठाणे जिल्ह्यातील अशा गावांतील मुलास शाळा मिळावी, हे कर्तव्य कोणाचे? बाळ गंगाधर खेर यांच्या शिक्षणविषयक कारभाराचे मोल या प्रश्नावरूनच ठरवावे लागते.

विठ्ठलभाई पटेल यांच्या १९१८ च्या कायद्याने सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा नगरपालिकांना दिली; खेडी बाहेरच राहिली. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असता झालेल्या १९२३ च्या कायद्याने ती मुभा जिल्हा लोकल बोर्डांसही मिळाली. परंतु सक्तीची योजना आखावयाची ती बोर्डांनी, आणि त्यांच्या तिजोऱ्या तर रित्या! मुभा म्हणजे शाळा नव्हे, हे लवकरच दिसून आले.

जुलै १९३७ मध्ये खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्यास तेव्हा हीच संज्ञा होती. शिक्षणखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले. शाळा नसलेल्या लहान खेड्यांत शाळा काढणाऱ्या खाजगी संस्थांस अनुदान देण्यात आले, प्रौढ साक्षरतेची मोहीम निघाली, वर्धा योजनेप्रमाणे हस्तोद्योगातून शिक्षणाचे प्रयोग सुरू झाले. १९३८ च्या दुरुस्तीने बोर्डांच्या शाळांवर सरकारी देखरेख वाढली. मात्र १९३९ साली मुंबई शहरात मद्यबंदी आली व आबकारीच्या उत्पन्नास खार लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सत्ता गेली तरी खेरांचे काम थांबले नाही. १९४० साली ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ उभारण्यात त्यांचा पुढाकार होता.

१९४६ साली ते पुन्हा अधिकारावर आले आणि पुढील वर्षी मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. सार्वत्रिक, मोफत व सक्तीचे शिक्षण निश्चित कार्यक्रमाने गाठणे हे सरकारचे धोरण आणि शिक्षणाचा विस्तार करणे हे सरकारचे कर्तव्य, असे त्याच्या प्रस्तावनेतच नमूद झाले. मुभेच्या जागी कर्तव्य आले, हीच खेरांची खरी कमाई होय.

त्यांचे सर्वच निर्णय लोकांस रुचले असे नाही. इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपर्यंत पुढे ढकलल्याने शहरी पालक नाराज झाले, आणि सूत कातून शाळा कशी चालावी, अशी शंकाही अनेकांनी घेतली. १९५२ साली खेर पायउतार झाले तेव्हा सार्वत्रिक शिक्षणाचे ध्येय दूरच होते. परंतु शाळा नसलेल्या गावास आता सरकारची मेहेरबानी मागावयाची नव्हती. सरकारने स्वतःच मान्य केलेले कर्तव्य त्याच्यापुढे ठेवावयाचे होते.