वणव्याच्या धुराचा माग : १९५० चे धूम्रपटल आणि उपग्रहयुग

भारतीय न्यायशास्त्रात अनुमानाचे विवेचन धूर व अग्नी यांच्या उदाहरणाने करण्याचा परिपाठ आहे. डोंगरावर धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, असे ते अनुमान. याच उदाहरणाच्या आधारे नैयायिकांनी अनुमानातील दोषांचीही चर्चा केली. वाफ किंवा धुळीचा लोट यांस धूर समजल्यास हेतूच खोटा ठरतो. मोठ्या वणव्यांच्या धुराचा माग उपग्रहांच्या साहाय्याने काढण्याच्या विद्येचा इतिहास पाहू गेल्यास तो बव्हंशी अशाच दोषांच्या निरसनाचा इतिहास आहे, असे आढळून येते. मात्र जुन्या उदाहरणात नसलेली एक अडचण या विद्येपुढे आहे. येथे धूर आणि अग्नी एकाच डोंगरावर नसतात. त्यांच्यामध्ये कित्येकदा हजारो किलोमीटरांचे अंतर असते.

ही अडचण किती गंभीर आहे, याचा प्रत्यय सप्टेंबर १९५० मध्ये आला. त्या वर्षीच्या जून महिन्यात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया व आल्बर्टा या प्रांतांच्या सीमेनजीक लागलेला चिंचागा वणवा शरद ऋतूपर्यंत धुमसत राहिला. वस्तीपासून व रस्त्यांपासून दूर असलेल्या आगी न विझविण्याचे तत्कालीन धोरण असल्यामुळे त्यास कोणी अटकाव केला नाही. सुमारे १४ ते १७ लाख हेक्टर प्रदेश त्यात जळाला. सप्टेंबरच्या उत्तरार्धात त्या भागातील आगी भडकल्या आणि त्यांचा धूर आग्नेयेकडे वाहू लागला. रविवार, दिनांक २४ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात व अमेरिकेच्या ईशान्य भागात भर दिवसा काळोख पसरला. क्लीव्हलंड येथे दुपारचा बेसबॉलचा सामना विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात खेळवावा लागला. धुराचा थर उंचावर असल्यामुळे जमिनीवर जळकट वास फारसा जाणवला नाही. त्यामुळे कोणी ग्रहणाची, तर कोणी अणुयुद्धाची शंका घेतली. दोन दिवसांनी, २६ तारखेस, स्कॉटलंडमध्ये सूर्य व चंद्र निळे दिसले. एडिंबरा येथील वेधशाळेत रॉबर्ट विल्सन यांनी त्या निळ्या सूर्याच्या वर्णपटाचे मापन करून ठेवले. सारांश, कार्य सर्वांना दिसत होते, कारण मात्र कोणासही दिसत नव्हते.

ते कारण शोधण्यास उपलब्ध असलेली साधने तुटपुंजी होती : वैमानिकांनी कळविलेली धुराच्या थराची उंची, वरच्या हवेतील वाऱ्यांची मोजणी आणि ठिकठिकाणच्या निरीक्षकांची टिपणे. त्यांच्या आधारे हवेचा प्रवास उलट्या दिशेने रेखाटून अमेरिकेच्या हवामान खात्यातील अभ्यासकांनी धुराचे मूळ पश्चिम कॅनडात असल्याचे दाखविले. त्याच वर्षी या धूम्रपटलावर सविस्तर लेख लिहिणाऱ्यांत हॅरी वेक्सलर हे होते. चारच वर्षांनी, मे १९५४ मध्ये, न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणात त्यांनी एक व्याख्यान दिले आणि अंतराळातील उपग्रहावरून पृथ्वीवरील मेघ कसे दिसतील, याचे एक काल्पनिक चित्र श्रोत्यांपुढे मांडले. त्या वेळी एकही कृत्रिम उपग्रह अस्तित्वात नव्हता. १ एप्रिल १९६० रोजी टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह सोडण्यात आला आणि ७८ दिवसांच्या कार्यकाळात त्याने सुमारे २३ हजार चित्रे पाठविली. विखुरलेल्या साक्षींवरून एक धूम्रपटल जुळविणारा आणि संपूर्ण पट एका दृष्टिक्षेपात पाहण्याची कल्पना करणारा मनुष्य एकच होता, ही गोष्ट लक्षणीय होय.

तथापि, दृष्टिक्षेप लाभला म्हणजे अर्थ लाभला असे नव्हे. दृश्य प्रकाशातील चित्रात विरळ धूर, धुके व पातळ मेघ यांत भेद करणे कठीण असते. येथे नैयायिकांची वाफ व धूळ पुन्हा उपस्थित होतात. या शंकेचे निरसन दोन दिशांनी झाले. पहिली दिशा अग्नीस प्रत्यक्ष पाहण्याची. अवरक्त किरणांपैकी सुमारे ३.७ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात तप्त पृष्ठभाग ठळकपणे उठून दिसतो. मायकेल मॅट्सन व जेफ डोझियर यांनी १९८१ मध्ये असे दाखविले की, चित्राच्या एका बिंदूत मावणाऱ्या प्रदेशाचा अल्प भाग जळत असला तरी तो ओळखता येतो. दुसरी दिशा धुराची जात ओळखण्याची. १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ या उपग्रहावरील एक उपकरण ओझोन वायूच्या मोजणीसाठी होते. त्याच्या अतिनील किरणांच्या नोंदींतून प्रकाश शोषून घेणारे कण मेघांपासून वेगळे काढता येतात, हे १९९० नंतरच्या दशकात सिद्ध झाले आणि जुन्या नोंदींना नवा अर्थ प्राप्त झाला. परंतु वाळवंटातील धूळही अतिनील किरण शोषते. म्हणून केवळ या निर्देशांकावरून धूर आणि धूळ यांचा निर्णय होत नाही. वाऱ्याची दिशा आणि अग्नीचे स्थान यांची जोड त्यास द्यावी लागते.

हेतू खरा असूनही साध्य चुकीचे ठरविले गेल्याचे उदाहरणही या इतिहासात आहे. स्थितांबरापर्यंत कण पोहोचविण्याचे सामर्थ्य केवळ ज्वालामुखीत असते, अशी समजूत दीर्घकाळ होती. वणव्याच्या उष्णतेने निर्माण होणारे वादळी मेघ, ज्यांना पायरोक्युम्युलोनिम्बस म्हणतात, तेही धूर तेथवर नेऊ शकतात, हे १९९८ मधील उत्तरेकडील वणव्यांच्या आणि २००१ मधील आल्बर्टातील चिझम वणव्याच्या अभ्यासातून पुढे आले. त्यानंतर मायकेल फ्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. जून १९९१ मधील एक थर पिनाटुबो ज्वालामुखीचा मानला गेला होता. तो वास्तविक क्वेबेकमधील वणव्याचा असावा, असे मत त्यांनी २०१० मध्ये मांडले. १९८९ ते १९९१ या काळातील अशा तीन थरांचे मूळ वणव्यांत असल्याचे त्यांचे प्रतिपादन होते. २०१९-२० मधील ऑस्ट्रेलियातील वणव्यांनंतर धुराचा एक प्रचंड भोवरा सुमारे ३५ किलोमीटर उंचीपर्यंत चढल्याचे उपग्रहांनी टिपले. तोवर त्या कणांस ज्वालामुखीचे म्हणण्याचे कारण उरले नव्हते.

राहता राहिला प्रश्न उंचीचा, आणि मनुष्याच्या दृष्टीने तोच सर्वांत निकडीचा होय. वरून घेतलेल्या चित्रात हवेचा संपूर्ण स्तंभ एकवटून दिसतो. धूर दहा किलोमीटरांवर आहे की श्वासाच्या पातळीवर, हे त्यावरून कळत नाही. १९५० मध्ये क्लीव्हलंडवर काळोख होता, पण धूर डोक्यावरून गेला. जून २०२३ मध्ये क्वेबेकमधील वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर आला तेव्हा तो जमिनीलगत उतरला. आकाश नारिंगी झाले आणि हवा श्वसनास अत्यंत अपायकारक ठरली. वरून दोन्ही प्रसंगी धूम्रपटलच दिसावे, परंतु दम्याच्या रोग्यास द्यावयाचा सल्ला दोन्ही वेळा एकच असणार नाही. २००६ ते २०२३ या काळात कॅलिप्सो उपग्रहाने लेसर किरणांच्या साहाय्याने थरांची उंची मोजली. २०२४ मध्ये सोडलेला अर्थकेअर हा उपग्रहही ते मापन करतो. परंतु असा किरण उपग्रहाच्या मार्गाखालील अरुंद रेषेपुरताच पोहोचतो. त्या रेषेबाहेर जमिनीवरील मापनकेंद्रांवाचून गत्यंतर नाही.

अमेरिकेच्या हवामान व सागर संस्थेतील विश्लेषक उपग्रहचित्रांची मालिका डोळ्यांखालून घालून धुराच्या सीमा हाताने रेखाटतात आणि त्यास विरळ, मध्यम व दाट अशा तीन श्रेणी देतात. धूर जमिनीपासून किती उंच आहे, हे त्या सीमारेषेवरून समजत नाही. यंत्रयुगात हे हस्तकौशल्य टिकून राहावे यात नवल नाही. स्थिर भासणारे उपग्रह आज अमेरिकेवरील चित्र दर पाच मिनिटांनी पाठवितात. १९५० च्या अभ्यासकांस जे दुर्लभ होते ते आज विपुल आहे. मात्र त्या अभ्यासकांनी वैमानिकाची नोंद, वाऱ्याची दिशा आणि निरीक्षकाचे टिपण यांचा मेळ घालून जो निर्णय केला, तशा निर्णयाची आवश्यकता कमी झालेली नाही. उपग्रहाने अनुमानास रजा दिली नाही. त्याने हेतूंची संख्या वाढविली आणि त्यांच्या परीक्षेची जबाबदारीही वाढविली. ही परीक्षा चुकली तर एका ठिकाणी ज्वालामुखीच्या इतिहासात खोटी नोंद होते आणि दुसऱ्या ठिकाणी एखादे शहर बेसावध राहून विषारी हवा घेते.