वरोऱ्याची खाण बंद झाली, तेव्हा जमिनीखाली काय उरले?

सन १९०६. चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याची कोळसा खाण सरकारने बंद केली. १८७१ मध्ये सुरू झालेली ही खाण सरकारच्याच मालकीची आणि व्यवस्थापनाखालची होती. आजच्या भद्रावतीपासून, म्हणजे तेव्हाच्या भांदकपासून, ती अवघ्या वीसेक किलोमीटरवर. तिच्या आरंभाविषयी पुष्कळ लिहिले गेले, अंताविषयी फारसे नाही. हा धागा अंताविषयी आहे.

आरंभ थोडक्यात. आगगाडीच्या इंजिनांना कोळसा हवा होता आणि बंगाल दूर होता. म्हणून वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत खास लोहमार्ग टाकला गेला. त्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. भूगर्भशास्त्रज्ञ ह्यूजेस यांचा वर्धा खोऱ्यातील कोळशावरील ग्रंथ १८७७ चा. वरोऱ्याचा साठा सरत आला तशी नजर बल्लारपूरकडे वळली आणि पुढे रूळही भांदक-चांद्यावरून तिकडे गेले.

मागे काय उरले? भूमिगत कोळसा खाणीत आडव्या-उभ्या गल्ल्या खणतात आणि छत पेलण्यासाठी मध्ये कोळशाचेच खांब सोडतात. खाण सोडली की पंप थांबतात, गल्ल्यांत पाणी चढते. खांब वर्षानुवर्षे झिजतात, छत थोडे थोडे ढासळते आणि पोकळी हळूहळू वर सरकते. त्यात या खोऱ्यातील कोळसा ओलसर जातीचा. हवा लागली की आपोआप तापून पेटण्याची त्याची खोड जुनी आहे.

भद्रावतीच्या विजासन टेकडीतील बौद्ध लेणी हीदेखील माणसाने कोरलेली पोकळीच. ती शतकानुशतके उभी आहे. पण लेणे कोरणाऱ्याला आत राहायचे होते. खाणवाल्याला बाहेर पडायचे असते.

सोडलेल्या पोकळीचा नकाशा नीट नसेल तर काय होते, हे २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत दिसले. जुन्या कामातील साठलेले पाणी चालू खाणीत घुसले आणि ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. म्हणूनच सोडलेल्या खाणीचा नकाशा सादर करणे, विहिरीचे तोंड बुजवणे किंवा कुंपण घालणे, जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय न खणणे, हे नियम वरवर रुक्ष वाटले तरी जीवनमरणाचे आहेत.

मात्र ‘खाण बंद करण्याचा आराखडा’ ही कल्पना कोळशाच्या कारभारात फार उशिरा आली. राष्ट्रीयीकरण १९७३ चे, नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स १९७५ ची. कोळसा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे थेट ऑगस्ट २००९ ची! त्यांनुसार खाण चालू असतानाच जमीन टप्प्याटप्प्याने पूर्ववत करायची, अंतिम आराखडा बंद होण्याच्या किमान ५ वर्षे आधी द्यायचा आणि खर्चाची रक्कम दरवर्षी एस्क्रो खात्यात ठेवायची.

त्यातला २००९ चा दर पाहण्यासारखा होता. उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये, भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख. तर्क समजण्याजोगा आहे: भूमिगत खाणीवरची जमीन वरून शाबूत दिसते, शेत शेतच राहते. पण ‘दिसते’ या शब्दावर एवढा भार टाकणे धोक्याचे. २६ ऑगस्ट २०२२ रोजी याच जिल्ह्यातील घुग्घुस येथे अमराई वॉर्डातील एक घर काही क्षणांत जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती.

उपाय अज्ञात नव्हता. पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरण्याच्या पद्धतीला, ज्याला खाणकामगार ‘स्टोइंग’ म्हणतात, १९३९ च्या कायद्यानेच आधार दिला होता. झारखंडमधील जादूगुडाच्या युरेनियम खाणीतही खनिज वेगळे केल्यावर उरलेली जाडसर रेती परत खाली भरतात. तिथे खरी चिंता मागे राहणाऱ्या बारीक गाळाची, कारण त्यातली किरणोत्सारिता माणसांच्या कित्येक पिढ्यांहून दीर्घायुषी. पूर्व जर्मनीतल्या विस्मुट कंपनीच्या युरेनियम खाणी १९९० नंतर बंद झाल्या. ते निस्तरण्याचे काम तीन दशके उलटली तरी संपलेले नाही.

आणि आराखडा कागदावर असला तरी खाण त्याच्या तारखेला बंद होतेच असे नाही. भद्रावतीलगतची बरांजची उघडी खाण कर्नाटकच्या वीजनिर्मितीसाठी चालत होती. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील २०४ कोळसा खंडांचे वाटप रद्द केले, त्यात तीही होती. ३१ मार्च २०१५ ला मुदत संपली. साठा शिल्लक, खड्डा उघडा, विस्थापितांच्या पुनर्वसनाचे आणि रोजगाराचे प्रश्न अर्धवट. खाण पुढे पुन्हा कर्नाटकच्याच सरकारी वीज कंपनीला मिळाली. बरांज मोकासाच्या गावकऱ्यांची आंदोलने मात्र त्यानंतरही चालूच राहिली.