यंत्र आपल्या घरी, किल्ली परक्या हाती

व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा किल्ल्यांची, लढायांची आणि तहांची असते. आजच्या विषयातही ह्या तिन्ही गोष्टी येणार आहेत. मात्र त्यांचा शेवट प्रत्येकाच्या खिशात किंवा पिशवीत असलेल्या एका लहानशा यंत्रापाशी होणार आहे. स्मार्टफोन वापरावयाचा, पण त्यातील बड्या कंपन्यांच्या सेवा घ्यावयाच्या नाहीत, असा प्रयत्न आज जगात अनेक लोक करीत आहेत. हा छांदिष्टांचा उद्योग आहे, की त्यामागे काही गंभीर प्रश्न आहे? आमचे म्हणणे असे की, प्रश्न गंभीर आहे. आणि पालघर-तारापूरच्या किनाऱ्याला तो मुळीच नवा नाही. वस्तू आपल्या मालकीची, पण ती चालविण्याची मुखत्यारी दुसऱ्याकडे, ही स्थिती ह्या किनाऱ्याने गेल्या पाचशे वर्षांत निदान दोनदा अनुभवली आहे.

पहिला अनुभव पोर्तुगीजांच्या अमलातला. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला, आणि पुढे तारापूरचा किल्लाही त्यांच्या उत्तर कोकणातील ठाण्यांपैकी एक झाला. समुद्रावरील त्यांच्या सत्तेचे खरे शस्त्र तोफ नव्हते, ते कागद होते. त्या कागदास ‘कार्ताझ’ म्हणत. गलबत तुमचे, माल तुमचा, खलाशी तुमचे. परंतु कार्ताझ जवळ नसेल, तर पोर्तुगीज आरमार ते गलबत माल-माणसांसह जप्त करी. कोणत्या बंदरी जावयाचे, कोठे जकात भरावयाची, कोणता माल न्यावयाचा नाही, हे सारे त्या कागदावर ठरलेले असे. समुद्र कोणीच निर्माण केला नव्हता. पण त्यावरून जाण्याचा परवाना मात्र एकाच दुकानी मिळत होता.

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजांनी तारापूरचा किल्ला घेतला. त्या झुंजीत बाजी भिवराव कामी आले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. ह्या पराक्रमाचा अभिमान आपणांस आहे आणि तो असावा. परंतु इतिहासाकडे डोळे उघडे ठेवून पाहावयाचे, तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कार्ताझला आव्हान देणारे आपले दर्यासारंग कान्होजी आंग्रे हेही व्यापारी जहाजांकडून आपल्या दस्तकाची मागणी करीत असत. परवाना देणारा हात बदलला, परवाना राहिला. सार्वभौम सत्तेच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. तांडेलाच्या दृष्टीने तो किती मोठा होता, हा प्रश्न निराळा. स्वदेशी आणि स्वाधीन हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ते एक नाहीत, हे येथे ध्यानी घ्यावयाचे.

दुसरा अनुभव आपल्या हयातीतला, तारापूरच्या अणुविद्युत केंद्राचा. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बनविलेल्या दोन अणुभट्ट्या तारापुरास उभ्या राहिल्या, आणि ऑक्टोबर १९६९ पासून देशातील ह्या पहिल्या अणुवीज केंद्राची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. ह्या केंद्रासाठी झटलेले डॉ. होमी भाभा ते पाहावयास राहिले नव्हते; जानेवारी १९६६ मध्येच त्यांचा विमान अपघातात अंत झाला होता.

ह्या अणुभट्ट्यांची मेख त्यांच्या इंधनात होती. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियमात उपयोगी पडणारा अंश शेकड्यास पाऊण टक्क्याहूनही कमी असतो. तारापूरच्या भट्ट्यांना तो दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास वाढविलेले, म्हणजे समृद्ध केलेले, युरेनियम लागे. ते करण्याची विद्या आणि कारखाने त्या काळी मोजक्या राष्ट्रांच्या हाती होते. पुरवठा कराराच्या मुदतीभर अमेरिकेने करावयाचा, असे ठरले होते. मग १८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुस्फोट झाला. तारापूरच्या भट्ट्यांचा त्या स्फोटाशी संबंध नव्हता; तरी झळ त्यांना लागली. पुरवठा रेंगाळू लागला. १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केला आणि जुन्या कराराला नव्या अटी जोडल्या. १९८० साली अडतीस टन इंधन पाठवावे की नाही, ह्यावर अमेरिकेच्या सिनेटमध्ये मते पडली, आणि अठ्ठेचाळीस विरुद्ध शेहेचाळीस अशा निसटत्या बहुमताने ते सुटले. बोईसरच्या वाटेवरील एका केंद्राची चूल पेटती राहावी की नाही, हे सात समुद्रांपलीकडच्या सभागृहात दोन मतांनी ठरले! १९८२ साली तडजोड होऊन फ्रान्सने पुरवठा पत्करला. पुढे १९९५ मध्ये चीनकडून आणि २००१ मध्ये रशियाकडून इंधन आले. दरम्यान आपल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियममिश्रित इंधन सिद्ध करून ह्याच भट्ट्यांत वापरून दाखविले. हैदराबादेत इंधनाच्या जुड्या बांधण्याचे काम होऊ लागलेच होते. यंत्र परक्याचे, पण ते चालविण्याची विद्या हळूहळू आपली झाली.

पुढच्या दोन भट्ट्या बांधताना मार्गच बदलला. २००५ आणि २००६ साली सुरू झालेले तारापूरचे चौथे आणि तिसरे युनिट, प्रत्येकी पाचशे चाळीस मेगावॅटचे, भारतीय बांधणीचे आहे आणि नैसर्गिक युरेनियमावर चालते. समृद्धीची अटच नको, म्हणून जड पाण्याचा अधिक खटपटीचा मार्ग देशाने पूर्वीच पत्करला होता. ह्या स्वावलंबनाची किंमतही ह्याच किनाऱ्याने दिली. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे ह्या विस्तारासाठी उठविण्यात आली. राष्ट्र स्वाधीन होत असताना दोन गावे आपल्या घरांना पारखी झाली, हे विसरून तारापूरचा गौरव करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता तिसऱ्या अनुभवाकडे येऊ. अँड्रॉइड ही फोन चालविणारी प्रणाली गूगल कंपनीने २००५ मध्ये विकत घेतली आणि २००८ मध्ये तिच्यावर चालणारा पहिला फोन बाजारात आला. तिचा पाया सर्वांस खुला आहे. कोणीही तो घ्यावा, तपासावा, बदलावा. पण त्या पायावर गूगलने आपल्या सेवांचा एक बंदिस्त मजला चढविला आहे. निरोप आल्याची सूचना, नकाशावरील आपले ठिकाण, ॲप मिळण्याचे दुकान, ह्या गोष्टी त्या मजल्यावर राहतात. खुला पाया म्हणजे भट्टी, आणि वरच्या सेवा म्हणजे समृद्ध इंधन, असे म्हटल्यास तारापूरकरांना अधिक सांगणे नलगे. हे इंधन पैशाने मिळत नाही. आपण कोठे गेलो, काय शोधले, कोणाशी बोललो, ह्याच्या नोंदींनी त्याची किंमत चुकती होते.

ही आमची कल्पना नव्हे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने ह्याच व्यवहाराबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड ठोठावला. फोन बनविणाऱ्यांना गूगलची सर्व ॲपे एकगठ्ठा आधीच बसवून द्यावी लागतात, आणि खुल्या पायावर निराळी प्रणाली रचून विकण्यास करारांनी आडकाठी होते, असे आयोगाचे म्हणणे होते. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही आदेश रद्द केले, परंतु दंड कायम ठेवला.

पुरवठा तुटतो तेव्हा काय होते, ह्याचेही दाखले घडले आहेत. मे २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे चीनच्या ह्वावे कंपनीच्या नव्या फोनांना गूगलच्या सेवा मिळेनाशा झाल्या. खुला पाया तेवढा हाती उरला, आणि पुढे त्या कंपनीने स्वतःची प्रणाली उभारली. जुलै २०२५ मध्ये युरोपच्या निर्बंधांचा आधार घेऊन मायक्रोसॉफ्टने गुजरातेतील वाडीनारची तेलशुद्धी चालविणाऱ्या नायरा कंपनीच्या सेवा थांबविल्या. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले आणि मग सेवा पूर्ववत झाल्या. सिनेटमधील ती दोन मते येथे पुन्हा आठवतात.

ह्यावर उपाय शोधणारे लोक आहेत. २०१६ च्या अखेरीस सुरू झालेली लिनिएजओएस, फ्रान्सच्या गाएल दुव्हाल यांची ई प्रणाली, सुरक्षिततेवर भर देणारी ग्रॅफीनओएस, ह्या सर्व खुल्या पायावर उभ्या आहेत. ॲपांसाठी एफ-ड्रॉइड नावाचे खुले भांडार २०१० पासून आहे. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप आहे, ज्यात बोईसरची एखादी गल्ली चुकली असेल तर बोईसरचाच मनुष्य ती दुरुस्त करू शकतो. अशा फोनवर बोलणे, पत्रव्यवहार, छायाचित्रे, मराठी लेखन, वाचन हे सारे नीट चालते. अडचण येते ती बँकांच्या ॲपांशी. त्यांतील काही ॲपे गूगलचा दाखला नसलेला फोन ओळखतात आणि उघडण्यास नकार देतात. हा आजचा कार्ताझ होय. आणि विरोधाभास असा की, ग्रॅफीनओएस ही प्रणाली मुख्यतः गूगलनेच विकलेल्या पिक्सेल फोनांवर चालत आली आहे! परक्याचीच भट्टी घेऊन तिच्यात आपले इंधन घालण्याचा हा प्रकार तारापुरास अपरिचित नाही.

मग स्वदेशी प्रणाली हेच उत्तर, असे कोणी म्हणेल. त्याचीही कथा ऐकावी. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी इंडस ओएस ही भारतीय भाषांची प्रणाली काढली आणि २०१५ पासून ती स्वस्त फोनांतून घरोघर गेली. पुढे ती कंपनी फोनपेने घेतली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस नावाचे ॲपचे दुकान सुरू केले. दुकान एकाऐवजी दोन झाले, हे चांगलेच; पण फोनपेची बहुतांश मालकी वॉलमार्ट ह्या अमेरिकी कंपनीकडे आहे. दस्तकाची गोष्ट श्रोत्यांनी येथे आठवावी.

ह्याहून आशा वाटावी असा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने दूरदर्शनच्या रिकाम्या लहरींवरून पालघरच्या खामलोली आणि आसपासच्या गावांत इंटरनेट नेले आणि पुढे तो पंचवीस गावांपर्यंत वाढविला. २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले. ह्याच सुमारास, फेब्रुवारी २०१६ मध्ये, काही निवडक संकेतस्थळेच फुकट देण्याची फेसबुकची योजना दूरसंचार नियामकाने बंद पाडली होती. एकीकडे फुकटात मिळणारे कोंडवाडे, आणि दुसरीकडे गावाने स्वतः सांभाळावयाचे जाळे, असे दोन मार्ग तेव्हा आपल्यापुढे होते.

आमचा आग्रह असा नाही की, प्रत्येकाने आजच आपला फोन पुसून नवी प्रणाली बसवावी. वसई-डहाणूच्या गाडीत दाटीने उभ्या असलेल्या चाकरमान्याला तेवढी उसंत नाही, आणि त्याची त्यास शरम वाटण्याचे कारणही नाही. तारापूरने आपली भट्टी विझविली नाही. तिने इंधनाचे दुसरे, तिसरे, चौथे दार शोधले, आणि दरम्यान विद्या आत्मसात केली. संपूर्ण निर्लेपपणापेक्षा सोडून जाता येण्याची सोय अधिक मोलाची असते. एक नकाशा, एक पत्रपेटी, एक भांडार एवढे जरी आपण परक्या किल्लीवाचून चालवावयास शिकलो, तरी उद्या दार बंद झाल्यास आपण उंबरठ्यावर रडत बसणार नाही.

मात्र एक गोष्ट एकट्याने होण्यासारखी नाही. रेशन, शिष्यवृत्ती, पीकविमा, दाखले ही नागरिकांच्या हक्काची कामे आहेत. ती करण्यासाठी एखाद्या खासगी कंपनीच्या दुकानातून ॲप उतरविण्याची सक्ती असता कामा नये. साध्या संकेतस्थळावरून किंवा कार्यालयाच्या खिडकीवरून ती झालीच पाहिजेत. तलासरीच्या पाड्यावरील बाईला आणि सातपाटीच्या तांडेलाला आपल्याच सरकारच्या दारी जाण्यासाठी तिऱ्हाइताचा कार्ताझ लागावा, हे ज्या किनाऱ्याने १७३९ पाहिले त्या किनाऱ्याने मुकाट्याने मान्य करू नये. ही मागणी ग्रामसभेत मांडता येते, नगरपरिषदेत मांडता येते, बँकेच्या वार्षिक सभेत मांडता येते. आणि ती मांडण्यासाठी कोणत्याही फोनची गरज लागत नाही.