झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे नेमके कोणासाठी?

१/ रस्त्यावरचे काळे-पांढरे पट्टे आपण रोज ओलांडतो. ते कोणासाठी रंगवले गेले? ‘पादचाऱ्यांसाठी’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे ब्रिटनच्या इतिहासात सापडते. #थ्रेड

२/ १९३४ या एका वर्षात ब्रिटनमधील रस्त्यांवर ७,३४३ माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांत पादचाऱ्यांची संख्या मोठी होती. त्याच वर्षी लेस्ली होर-बेलीशा वाहतूकमंत्री झाले आणि रस्ता ओलांडण्याच्या जागांवर ठळक खूण उभी राहू लागली.

३/ ही खूण म्हणजे दोन्ही कडांना खांब आणि त्यांवर नारिंगी गोल. तिला मंत्र्यांचेच नाव मिळाले: ‘बेलीशा बीकन’. रस्त्यावर मात्र पट्टे नव्हते. धातूच्या खुंट्यांच्या ओळींनी जागा आखलेली असे.

४/ उणीव नेमकी इथेच होती. कडेला उभ्या असलेल्या पादचाऱ्याला खुंट्या स्पष्ट दिसत; वेगाने येणाऱ्या चालकाला त्या दुरून जेमतेम दिसत. एकजण आपल्या हक्काच्या भरवशावर पाऊल टाकी आणि दुसऱ्याला त्या हक्काची जागाच उमगत नसे.

५/ दुसऱ्या महायुद्धानंतर दुरून ठळक दिसणाऱ्या खुणांचे प्रयोग झाले. १९४९ मध्ये सुमारे १,००० ठिकाणी पट्ट्यांची चाचणी घेण्यात आली. १९५१ मध्ये त्यांना कायद्याचे अधिष्ठान लाभले. पट्टे रंगवले गेले ते चालकाच्या डोळ्यांसाठी!

६/ तेथील नियमानुसार पादचाऱ्याने झेब्रावर पाऊल ठेवताच अग्रहक्क त्याचा. २०२२ पासून, कडेला वाट पाहणाऱ्यासाठीही चालकाने व सायकलस्वाराने थांबावे, असे वाहतूक-संहिता सांगते. सायकलस्वाराला स्वतःला झेब्रा ओलांडायचा असेल, तर त्याने उतरून सायकल हाताने न्यावी.

७/ भारतातही २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार, सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर चालकाने वेग कमी करून, थांबून पादचाऱ्याला वाट देणे बंधनकारक आहे.

८/ १९३४ ची उणीव आजही पुन्हा उद्भवते: पट्टे पुसट होतात, पावसात दिसेनासे होतात, उभ्या गाडीआड दडतात. म्हणून चालकाने क्रॉसिंगपाशी थांबलेल्या गाडीला मागे टाकू नये. तिच्या आडून कोणी येत असू शकते. पादचाऱ्यानेही प्रत्येक मार्गिकेतील गाडी खरोखर थांबल्याचे पाहूनच पुढे जावे. हक्क कायद्याने मिळाला आहे. तो समोरच्याला दिसला की नाही, हे त्या क्षणी आपल्यालाच पाहावे लागते.