तिसऱ्याची केबल

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त एका जुन्या फोनचं.

२०१६ साली, इंजिनिअरिंगला असताना, दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला बोलतं केलं होतं. तिचं माहेर, बोटीचा प्रवास, विहिरीवरची भांडणं, असं जे आठवेल ते. रेकॉर्डिंग फोनवरच केलं आणि फोनमध्येच राहिलं. आजी आता नाही. फोन आहे, पण त्याची बॅटरी तासभरही धड टिकत नाही आणि त्याला मेमरी कार्डाची सोयच नाही की काढलं आणि दुसरीकडे लावलं. गेल्या शनिवारी मनाचा हिय्या करून तो हापिसच्या मॅकला जोडला. फोन चार्ज व्हायला लागला. फाइंडरमध्ये मात्र शुकशुकाट.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा शुकशुकाट ठाऊक असेल. मॅक कंपनी देते, फोन आपण आपल्या खिशाला परवडेल तो घेतो, आणि तो बहुतेक वेळा अँड्रॉइडच असतो. कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अॅपल आणि गूगलचं वाकडं आहे ना, म्हणून." मीही इतकी वर्षं हेच धरून चाललो होतो. शनिवारी रात्री खोदायला बसलो तेव्हा कळलं की हे अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात एक तिसराच भिडू आहे.

आधी थोडं मागे जाऊ. आज खरं वाटणार नाही, पण अॅपल एकेकाळी दुसऱ्यांच्या फोनची चांगली बडदास्त ठेवायचं. २००३ च्या सुरुवातीला आयसिंक नावाचं सॉफ्टवेअर आलं. सोनी एरिक्सन, नोकिया, मोटोरोला यांचे कितीतरी फोन ब्लूटूथवरून मॅकशी जुळायचे, नंबर आणि कॅलेंडर इकडून तिकडे जायचं. तेव्हा अॅपलचा स्वतःचा फोन नव्हता हे उघड कारण. २००७ मध्ये आयफोन आला आणि २०११ च्या लायन आवृत्तीत आयसिंक गेलं.

मधल्या काळात एक झकास मारामारी झाली. जून २००९ मध्ये पामचा प्री हा फोन आला. पामची धुरा तेव्हा जॉन रुबिनस्टीनकडे होती, म्हणजे ज्याने अॅपलमध्ये आयपॉडचा विभाग सांभाळला तोच माणूस! हा फोन मॅकला जोडला की तो आयट्यून्सला सांगायचा, "मी आयपॉड आहे." आयट्यून्स भोळेपणाने गाणी द्यायचं. जुलैत अॅपलने नवी आवृत्ती काढून हे बंद केलं. त्याच महिन्यात पामने अपडेट दिलं आणि फोन चक्क अॅपलचा यूएसबी क्रमांक सांगायला लागला. यूएसबीमध्ये प्रत्येक कंपनीला आपला क्रमांक मिळतो, दुसऱ्याचा वापरायचा नसतो. पामने वर यूएसबीच्या संस्थेकडे अॅपलचीच तक्रार केली, आणि संस्थेने पामलाच झापलं. उंदीर-मांजराचा हा खेळ त्या वर्षाच्या शेवटापर्यंत चालला आणि त्यात पाम हरलं.

अँड्रॉइडला असल्या सोंगाची गरजच नव्हती. २००८ च्या ऑक्टोबरात पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसीचा जी-वन, आला तेव्हा तो मॅकला साधा पेनड्राइव्हच वाटायचा. कार्डाचं चित्र डेस्कटॉपवर यायचं, फायली ओढायच्या, सोडायच्या. एकच वैताग म्हणजे मॅक त्या कार्डावर टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या पिल्लू-फायली टाकून ठेवायचा. मग फोनच्या प्लेअरमध्ये प्रत्येक गाणं दोनदा दिसायचं, एक खरं आणि एक मुकं :-)

मग हे बिघडलं कशाने? तर ते बिघडवलं खुद्द अँड्रॉइडने, २०११ साली, आणि माझ्या मते तो निर्णय बरोबर होता.

वाण्याचं दुकान डोळ्यांसमोर आणा. पेनड्राइव्हची पद्धत म्हणजे वाण्याने गोदामाची किल्लीच तुमच्या हातात द्यायची. तुम्ही आत जाणार, पोती हलवणार, हिशोबाच्या वहीत तुम्हीच लिहिणार. दोघांनी एकाच वेळी वहीत लिहिलं तर वहीचा सत्यानाश, म्हणून तोवर वाण्याला बाहेर उभं राहावं लागतं. केबल लावून कार्ड कॉम्प्युटरला दिलं की फोनला ते दिसायचं नाही, ते यामुळेच. गोदाम वेगळं होतं तोवर हे खपलं. पण जी-वनची आतली मेमरी २५६ एमबी. कार्डावर जागा रिकामी पडलेली आणि फोन मात्र "जागा संपली" म्हणून रडतोय, हे त्या काळात कुणी भोगलं नाही? म्हणून हनीकोंबपासून अॅप आणि फायली एकाच जागेत ठेवायची व्यवस्था आली. आता गोदाम आणि वाण्याचं घर एकच. किल्ली देणार कशी? दिली तर वाण्यालाच रस्त्यावर यावं लागेल, म्हणजे फोनच बंद पडेल.

यावर तोडगा म्हणजे गल्ल्यावरून मागणे. तुम्ही यादी द्या, वाणी आतून आणून देईल. अशी एक पद्धत तयारच होती: एमटीपी. आणि इथे आपला तिसरा भिडू येतो. एमटीपी हे मायक्रोसॉफ्टचं अपत्य!

डिजिटल कॅमेऱ्यांसाठी पीटीपी नावाचं एक प्रमाण होतं. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या सुमारास ते वाढवून गाण्यांच्या प्लेअरसाठी एमटीपी केलं. कुठले प्लेअर? तर आयपॉडशी टक्कर द्यायला निघालेले, विंडोज मीडियाच्या कुलपातली गाणी वाजवणारे. २००८ मध्ये यूएसबीच्या संस्थेने त्याला अधिकृत दर्जाही दिला. पण आयपॉडच्या शत्रूंसाठी बनवलेली भाषा अॅपल कशाला शिकेल? पीटीपी मॅकला येते, म्हणून कॅमेरा जोडला की इमेज कॅप्चरमध्ये फोटो दिसतात. अँड्रॉइडमध्ये यूएसबीचा पर्याय पीटीपी केला तर फोनचेही फोटो तिथे दिसतात. त्यापुढची भाषा मॅकला आजतागायत येत नाही.

म्हणजे गंमत बघा. गूगलचा फोन, अॅपलचा कॉम्प्युटर, आणि मधली भाषा मायक्रोसॉफ्टची. इंटरनेटचंही तेच. फोनचं नेट केबलने कॉम्प्युटरला द्यायची सोय अँड्रॉइडमध्ये २०१० साली आली, ती आरएनडीआयएस वापरून. तेही मायक्रोसॉफ्टचं आणि तेही मॅकला येत नाही. बाहेरच्या कुणीतरी फुकट ड्रायव्हर लिहिला तेव्हा लोकांचं भागलं.

गूगलने मॅकसाठी अँड्रॉइड फाइल ट्रान्सफर नावाचं छोटं सॉफ्टवेअर काढलं खरं, पण ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्याला झेपायची नाही. वर्षानुवर्षं कुणी त्याकडे ढुंकून बघितलं नाही, आणि २०२४ मध्ये गूगलने त्याचं डाउनलोडच काढून टाकलं. इथे मात्र मी गूगलला माफ करणार नाही. अँड्रॉइडचा सोर्स मॅकवर बिल्ड करायची सोय २०२१ पर्यंत अधिकृत होती. (मॅकची डिस्क नावातली लहान-मोठी अक्षरं सारखीच मानते, म्हणून त्यासाठी आधी वेगळी डिस्क इमेज बनवावी लागायची. ज्यांनी केलंय त्यांना माझा नमस्कार!) म्हणजे मॅकवर बसून अँड्रॉइड घडवणारे लोक आहेत हे गूगलला चांगलं ठाऊक होतं.

जिथे भाषा सगळ्यांची होती तिथे काहीच अडलं नाही, हेही सांगायला हवं. मॅकच्या सेटिंगमध्ये गूगलचं खातं टाका, कॅलेंडर आणि नंबर गुपचूप येतात.

अॅपलने आपली वाट वेगळी काढली. २०११ मध्येच मॅकवर एअरड्रॉप आलं, २०१४ पासून ते आयफोन आणि मॅकमध्येही चालायला लागलं. त्याखालची वायरलेस भाषा बंदिस्त होती. जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी ती उलगडून २०१८-१९ मध्ये मांडली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की क्विक शेअर आता एअरड्रॉपशी बोलेल, सुरुवात पिक्सेल १० पासून. तेही अॅपलला न विचारता. समोरच्याने एअरड्रॉप सगळ्यांसाठी खुलं ठेवायला हवं, आयफोनवर ही मुभा एका वेळी दहा मिनिटांची. पामच्या प्रीची आठवण झाली की नाही?

माझ्या फोनला अर्थातच यातलं काही लागू नव्हतं. शेवटी डेव्हलपर लोकांचं जुनं हत्यार काढलं, एडीबी. त्याची भाषा गूगलची स्वतःची, त्यामुळे मॅकला काही यावंच लागत नाही. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहिली आणि फोन चार्जरसारखा गरम होईपर्यंत वाट बघितली. रात्री दीडला एकोणीस फायली मॅकवर उतरल्या.

पहिली उघडली. आधी पंख्याचा आवाज, मग आजी विचारतेय, "चालू झालं का रे ते?"