ऊन पाणी, गार पाणी

नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब पेटतो आणि घरातील लहानथोर कढत पाण्याने न्हाऊन निघतात. अंगावर घ्यायचे पाणी किती ऊन असावे आणि त्यात विसण किती घालावे, हे ज्याच्या त्याच्या हाताला कळते. पण दिवाळीपूर्वी आठ दिवस घरात जो दुसरा सोहळा चालतो, म्हणजे चादरी, अभ्रे, पडदे आणि रजयांच्या खोळी धुण्याचा, त्यात मात्र पाण्यावरून हटकून वाद होतो. आजीबाई म्हणतात, ‘‘चांगले उकळून काढा.’’ सूनबाई यंत्राची खुंटी तीस अंशांवर नेऊन ठेवतात. दोघींच्याही बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. कारण या वादामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात राजेरजवाड्यांपेक्षा परीट, मोलकरणी आणि आजारी माणसे यांचीच वर्दळ अधिक आहे.

आपल्याकडील जुन्या ग्रंथांत कपडे धुण्याचा विचार बारकाईने केलेला आढळतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशीम व लोकर यांच्यासाठी खारी माती, कांबळ्यांसाठी रिठे आणि जवसाच्या धाग्याच्या वस्त्रासाठी पांढरी मोहरी सांगितली आहे. म्हणजे सगळ्या वस्त्रांना एकच औषध चालत नाही, हे त्या काळी ठाऊक होते. कौटिल्याने तर अर्थशास्त्रात परटांसाठी कायदेच घालून दिले. कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच धुवावेत. भलतीकडे आपटून वस्त्र खराब केले तर नुकसानभरपाई आणि वर सहा पण दंड. परटाच्या स्वतःच्या कपड्यांवर मुद्गराची खूण असावी. बिनखुणेचे वस्त्र त्याच्या अंगावर दिसले तर तीन पण दंड. गिऱ्हाइकाचे धोतर नेसून मिरवण्याची हौस फार जुनी असली पाहिजे, एरवी कायद्याची गरज पडली नसती!

खुणेचा हा प्रकार पुढे परटांनी गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर आणला. त्यासाठी त्यांनी बिब्बा निवडला. बिब्ब्याच्या तेलाची खूण एकदा सुती कपड्यावर उठली की उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. आणि उकळत्या पाण्याशी तर परटाचा रोजचाच व्यवहार. त्याची भट्टी म्हणजे मोठी युक्तीची गोष्ट होती. कपडे सज्जीखाराच्या किंवा सोड्याच्या पाण्यात भिजवायचे, पिळायचे आणि खाली उकळत असलेल्या पाण्याच्या भांड्यावर त्यांची रास रचायची. रात्रभर वाफ त्या राशीतून वर चढत राही. सकाळी तेच कपडे घाटावर नेऊन दगडावर आपटले की मळ सुटून येई. मुंबईत महालक्ष्मीजवळ 1890 च्या सुमारास उभा राहिलेला धोबीघाट या परंपरेचे सर्वांत गजबजलेले ठाणे.

या भट्टीमागचे शास्त्र सोपे आहे. अंगाचा घाम आणि तेलकटपणा कपड्यात मुरतो आणि धूळ त्याला चिकटून बसते. उष्णतेने तेलकटपणा पातळ होतो, खार त्याचा साबणासारखा पदार्थ बनवतो आणि पाणी त्याला वाहून नेते. सुती धागा झाडाचा असल्यामुळे खार आणि कढ दोन्ही सोसतो. रेशीम आणि लोकर प्राण्यांपासून आलेली. खाराच्या कढत पाण्यात ती टिकत नाहीत. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊन पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकतात, मग मोठ्याचा स्वेटर धाकट्याला होतो! म्हणूनच पैठणी कधी भट्टीवर चढली नाही. तिच्या वाट्याला रिठ्याचे गार पाणी आणि सावलीतली दोरी. रक्ताचा डागही गार पाण्यातच धुवावा. ऊन पाण्यात टाकला की अंड्यातील पांढऱ्यासारखा घट्ट होऊन धाग्याला धरून बसतो.

इथपर्यंत प्रश्न कपड्याच्या स्वच्छतेचा झाला. पण पाण्याच्या उष्णतेवर माणसांचा जीवही अवलंबून असतो, हे विलायतेतील एका गरीब बाईच्या चरित्रावरून फार चांगले दिसते. तिचे नाव किटी विल्किन्सन. जन्म 1786 चा, आयर्लंडमधील डेरीचा. लहानपणीच ती लिव्हरपूलला आली, काही वर्षे कॅटन येथील सूतगिरणीत राबली आणि पुढे धुण्याभांड्यांची, पडेल ती कामे करून तिने संसार चालवला. 1832 मध्ये लिव्हरपुलात पटकीची साथ आली. गरिबांची वस्ती दाटीवाटीची. एकेका खोलीत एक कुटुंब. आजाऱ्याचे अंथरूण धुवायचे तर पाणी तापवायला जागा नाही, जळण नाही. साबणावर तर सरकारचा कर होता, तो पुढे 1853 मध्ये उठला.

किटीच्या घरी मात्र पाणी उकळण्याचे एक मोठे भांडे होते. तिने शेजाऱ्यांना सांगितले, आपापले कपडे आणि अंथरुणे घेऊन या आणि इथे धुवा. मोबदला आठवड्याला एक पेनी. पाण्यात ती क्लोराइड ऑफ लाइम घाले. त्या वेळी पटकी दूषित हवेने होते, असेच बहुतेक वैद्य मानीत. तिचा जंतू रोबर्ट कॉख याने कलकत्त्यात नक्की केला तो 1884 मध्ये, म्हणजे किटी मरून गेल्यानंतर चोवीस वर्षांनी. कारण ठाऊक नसतानाही उपाय बरोबर होता.

या तळघरातल्या धुण्यातून एक सार्वजनिक कल्पना उभी राहिली. रॅथबोन नावाच्या धनिक कुटुंबाने तिला पाठिंबा दिला आणि 1842 मध्ये लिव्हरपूलच्या अपर फ्रेडरिक स्ट्रीटवर नगरपालिकेचे स्नानगृह व धुणेघर उघडले. तेथे थोड्या पैशांत ऊन पाणी मिळू लागले. 1846 मध्ये पार्लमेंटने कायदा करून इतर गावांनाही अशी धुणेघरे बांधण्याची मुभा दिली. त्याच वर्षी किटीला राणी व्हिक्टोरियाच्या नावे चांदीची चहादाणी भेट मिळाली. पाणी तापवून आयुष्य काढलेल्या बाईला याहून समर्पक भेट कोणती द्यावी! लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये थोर पुरुषांच्या पुतळ्यांत स्त्रीचा पहिला पुतळा बसला तो 2012 मध्ये, आणि तो तिचाच.

पुढे ट्यूनिसमध्ये शार्ल निकॉल या फ्रेंच डॉक्टरच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. टायफस तापाचे रोगी घरी आणि रस्त्यात इतरांना रोग देत. इस्पितळात त्यांचे कपडे उतरवून घेणारे नोकरही आजारी पडत. पण आंघोळ घालून स्वच्छ कपड्यांत खाटेवर निजवलेला रोगी कोणालाच रोग देईना. म्हणजे रोग माणसाबरोबर आत येत नव्हता, दारात उतरवलेल्या कपड्यांत राहत होता. तो नेणारी ऊ असते, हे त्याने 1909 मध्ये सिद्ध केले, आणि 1928 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे कपडे उष्णतेने निर्जंतुक करण्याची धडपड चालली ती या शोधामुळेच.

मग गार पाण्याचे दिवस आले कसे? ते आणले रसायनशास्त्राने. 1907 मध्ये जर्मनीत हेंकेल कंपनीने पर्सिल ही भुकटी काढली. तिच्यातील परबोरेट कपडे पांढरे करी, पण त्यासाठी पाणी चांगले कढत लागे. 1913 मध्ये ओटो रोम याने डाग पचवणारे पाचकरस धुण्यात वापरण्याचे पेटंट घेतले. 1960 नंतर जिवाणूंपासून असे पाचकरस मोठ्या प्रमाणावर निघू लागले, आणि ते कोमट पाण्यातच चांगले काम करतात. फार कढत पाण्यात ते स्वतःच मरतात. आपल्याकडे 1959 मध्ये सर्फ आले, 1969 मध्ये अहमदाबादेहून निरमा निघाले. विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होई, तसा या भुकट्यांचा होत नाही. त्यामुळे बादलीभर गार पाण्यात कपडे भिजवून ठेवण्याची रीत घरोघर रुळली, आणि भट्टीचा वास विरळ झाला.

तेव्हा आजीबाई आणि सूनबाई यांचा तंटा सोडवायचा तर कपडा, मळ आणि घरातील प्रकृतिमान या तिघांना विचारावे. रोजच्या कपड्यांना तीस ते चाळीस अंश पुष्कळ झाले. रंग टिकतो आणि वीजही वाचते, कारण यंत्र ऊन पाण्याने धुते तेव्हा बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. रेशमाला आणि लोकरीला गार पाणी, आणि पाचकरस नसलेली भुकटी. कारण ती दोन्ही प्रथिनेच, पाचकरस त्यांनाही खातो. पण घरात कोणी आजारी असेल, तर त्याच्या चादरी, पंचे आणि बाळाची दुपटी यांना साठ अंशांचे पाणी द्यावे. ब्रिटनमधील इस्पितळांचा नियम तर पासष्ट अंशांवर दहा मिनिटे, किंवा एकाहत्तर अंशांवर तीन मिनिटे, असा आहे. आजीबाईंचा आग्रह साथीच्या दिवसांतून आलेला असतो, हे विसरू नये.

आज खुंटी फिरवली की पाणी तापते, म्हणून ते तापवण्याला कधी काय पडत होते हे ध्यानात येत नाही. लाकूड कोणी फोडले, पाणी कोणी वाहिले, वाफेत हात कोणाचे पोळले, याचा हिशेब कोणत्याही बखरीत नाही. लिव्हरपुलातल्या त्या वस्तीत साथीच्या वेळी खरा प्रश्न पाणी किती ऊन असावे हा नव्हताच. ऊन पाणी कोणाला मिळावे, हा होता. एका धुणेवालीने आपले भांडे शेजाऱ्यांसाठी चुलीवर चढवले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर पुढे पार्लमेंटला कायद्यात लिहावे लागले.