लोड्समनी (डुइंग अप द हाउस)
इंग्लंडमधील विनोदी नट हॅरी एनफील्ड याचे १९८८ मधील गाजलेले गाणे. चॅनल ४ वरील ‘फ्रायडे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात एनफील्ड ‘लोड्समनी’ (म्हणजे ‘पैसाच पैसा’) हे पात्र रंगवीत असे: भिंतींना गिलावा करणारा, रोखीत कमावणारा, नोटांची चळत नाचवून समोरच्याला हिणवणारा तरुण कामगार. पात्राच्या घडणीत विनोदी लेखक पॉल व्हाइटहाउस आणि चार्ली हिगसन यांचा हात होता. घरदुरुस्तीच्या अशा कामांचा या दोघांनाही अनुभव होता, आणि पात्राच्या बोलण्याचालण्यातला अस्सलपणा तिथूनच आला असावा.

नाचाच्या ठेक्यावर बांधलेले हे गाणे ब्रिटिश क्रमवारीत चौथ्या स्थानापर्यंत पोहोचले. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या काळात दक्षिण इंग्लंडमध्ये घरांच्या किमती चढत होत्या, बांधकामाला तेजी होती. उत्तरेकडचे खाणकामगार आणि गिरणीकामगार मात्र बेकार होत होते. एनफील्डचा रोख दक्षिणेतल्या या उद्दाम सुबत्तेवर होता. तरुणांनी मात्र पात्राला डोक्यावर घेतले, तेच हातवारे ते स्वतः करू लागले. मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांनी सरकारी अर्थनीतीवर टीका करताना हेच नाव वापरले. तरुण प्रेक्षकांच्या या कौतुकाने एनफील्ड अस्वस्थ झाला. ऐन लोकप्रियतेत त्याने पात्र संपवले, हा निर्णय धाडसाचाच म्हणावा लागेल.